क्लच पार वर येऊन पकडतोय: केबल, प्लेट की अख्खा सेट?

अबोली_मुलुंड

नमस्कार मंडळी. गाडी वॅगनआर, पेट्रोल, २०१६ ची, रनिंग ६४ हजार किमी. गेल्या वर्षी सेकंडहँड घेतली. हल्ली क्लच इतका वर पकडतो की पाय जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी हलते. माझ्या बहिणीकडे हीच गाडी, त्याच सालची आहे. तिचा क्लच अर्ध्यावर पकडतो. तिची गाडी चालवून माझ्या गाडीत बसले की पायाला फरक लगेच कळतो.

बाकीची लक्षणं सांगते. गिअर सहज पडतात, रिव्हर्सलाही खरखर नाही. जळका वास कधी आला नाही. अ‍ॅव्हरेज होतं तेवढंच आहे. पेडल मात्र पूर्वीपेक्षा जड झालंय असं वाटतं. रोजचा रस्ता मुलुंड ते सीप्झ, जेव्हीएलआरवरून, म्हणजे मेट्रोच्या कामातून रांगत रांगत.

तीन ठिकाणी विचारलं. एका सर्व्हिस सेंटरने गाडी न चालवताच 'प्लेट गेली, पूर्ण सेट लागेल' म्हणून ११,८०० सांगितले. भांडुपच्या गॅरेजवाल्याने चालवून बघितली आणि ७,५०० म्हणाला, पण आधी केबल बघू असंही म्हणाला. आमच्या सोसायटीत गाड्या बघायला येणारा मिस्त्री म्हणतो, 'केबल टाइट करून देतो, दोनशे रुपये द्या.'

गिअरबॉक्स न उतरवता नक्की काय बिघडलंय ते कसं ठरवायचं? आणि सेट बदलायचाच झाला तर पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत?


निवांत_डोंबिवली

सेकंडहँड गाडी, ६४ हजार रनिंग, त्यात मुंबईचं ट्रॅफिक. प्लेट गेली. बदलून मोकळ्या व्हा.


स्पॅनर

अबोली, एक गोष्ट आधी करा. त्या मिस्त्रीला केबल टाइट करू देऊ नका.

तुमच्या गाडीचा क्लच केबलवर चालतो. केबल टाइट केली की पेडलचा मोकळा खेळ, ज्याला आम्ही फ्री प्ले म्हणतो, तो कमी होतो. फ्री प्ले कमी झाला की क्लच आणखी वर पकडतो. आत्ताच वर पकडतोय, त्यात टाइट केली तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) कायम दाबलेलं राहील, प्रेशर प्लेटची (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या चकतीची) पकड सैल होईल आणि क्लच स्लिप व्हायला, म्हणजे घसरायला लागेल. चांगली प्लेटसुद्धा अशाने जळते.

आता वर का पकडतो ते. क्लच प्लेट झिजून पातळ होते, तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनला जोडलेल्या जड चाकाकडे सरकते. प्रेशर प्लेटच्या मधोमध स्प्रिंगची बोटं असतात. प्लेट झिजली की त्या बोटांची टोकं उलट बाजूला, म्हणजे बेअरिंगकडे बाहेर येतात. त्यामुळे केबलमधला मोकळा खेळ आपोआप संपत जातो आणि पेडल वर पकडायला लागतं. थोडक्यात, वर पकडणं हे झिजेचं लक्षण असू शकतं, किंवा नुसतं केबलचं सेटिंग चुकल्याचं. दोन्हींत फरक करायला दोन मिनिटं लागतात.

इंजिन बंद ठेवा. पेडल पायाने नको, हाताने हलकेच दाबा. सुरुवातीला ते सैल जायला हवं आणि मग जोर लागायला हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, साधारण दोनेक सेंटीमीटर धरा. हात लावताक्षणीच जोर लागत असेल तर फ्री प्ले संपलाय. मग बॉनेट उघडून गिअरबॉक्सजवळ केबलचं टोक बघायचं. तिथे आट्यांवर एक नट असतो. तो सैल करून फ्री प्ले परत मिळतो. नट आट्यांच्या टोकाला जाऊन पोचला असेल तर याआधी कोणीतरी बरेचदा सैल केलेला आहे आणि प्लेट शेवटाकडे आलीय. नट मध्यावर असेल तर अजून जागा आहे.


ठाणेकर_काका

स्पॅनर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे मला पटत नाही. माझ्या जुन्या मारुतीला केबल टाइट केली आणि क्लच एकदम झकास झाला होता. त्यानंतर कित्येक वर्षं चालवली.


स्पॅनर

काका, तेव्हा गिअर पडायला त्रास होत होता का? क्लच पार खाली, फ्लोअरमॅटला टेकल्यावर सुटत होता का?


ठाणेकर_काका

हो, पहिला गिअर टाकताना कचकच व्हायची. सिग्नलला न्यूट्रल सापडायचा नाही.


स्पॅनर

म्हणजे लक्षण बरोबर उलटं. केबल जुनी होऊन ताणली की फ्री प्ले वाढतो, क्लच खाली पकडतो आणि पूर्ण कट होत नाही. तिथे टाइट करणं बरोबरच होतं. अबोलींची गाडी वर पकडतेय आणि गिअर सहज पडताहेत, म्हणून तिथे सैल करायचं.


ठाणेकर_काका

आता कळलं. छान समजावलंत. बाकी घोडबंदर रोडने रोज जाणाऱ्यांच्या डाव्या पायाला सरकारने वेगळी पेन्शन द्यायला हवी!


कोथिंबीर_पार्ले

फ्री प्ले बघून झाला की स्लिप टेस्ट करा, त्याशिवाय काही ठरवू नका. रिकाम्या सपाट रस्त्यावर, सकाळी लवकर. चौथ्या गिअरमध्ये गाडी ४० च्या आसपास आणा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. क्लच चांगला असेल तर इंजिनचा आवाज आणि वेग बरोबरीने, हळूहळू वाढतात. स्लिप होत असेल तर आवाज एकदम चढतो आणि गाडी मागेच राहते. आरपीएमचा काटा असेल तर तो उसळताना दिसतो, नसेल तर कानाला कळतं.

दुसरी पद्धत उभ्या गाडीची. हँडब्रेक घट्ट ओढा, समोर मोकळी जागा ठेवा, उजवा पाय ब्रेकवर. तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचका खाऊन बंद पडायला हवं. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिलं तर प्लेट पकडत नाही. हे एकदाच करायचं. पुन्हा पुन्हा केलं तर त्या तापण्यानेच प्लेटचं नुकसान होतं.


गिअरबदल

माझे बाबा काळीपिवळी चालवायचे, पद्मिनी. स्टिअरिंगजवळचा गिअर. परळच्या पुलावर गाडी चढाला थांबली की बाबा हँडब्रेक लावायचे, क्लचवर कधी धरून ठेवायचे नाहीत. मला गाडी शिकवतानाही पहिला धडा हाच दिला. शेवटच्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या तेव्हा बाबांचे डोळे भरून आले होते. असो, विषयांतर झालं.

सांगायचं हे की त्या लाइनमध्ये प्लेट किलोमीटरवर मोजत नाहीत. एकाच मॉडेलची एक गाडी ४० हजारांत सेट मागते, दुसरी लाखाच्या पुढे जाते. चढावर हाफ क्लचवर (क्लच अर्धवट सोडून) तोलून धरणं, क्लचवर पाय टेकवून चालवणं, सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहणं, यानेच फरक पडतो. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाचा पाय कसा होता हे आपल्याला कळत नाही. म्हणून निवांत, तुमचं '६४ हजार म्हणजे गेली' हे मला मान्य नाही.


निवांत_डोंबिवली

@गिअरबदल, मान्य. पण दीड-दोन तास जेव्हीएलआरवर रांगणारी गाडी आणि हायवेवर धावणारी गाडी, दोघींचे ६४ हजार सारखे नाहीत. मी तेवढंच म्हणत होतो.


मिरची_बोरिवली

ऑटोमॅटिक घ्या, क्लचची कटकटच नको. मी एएमटी घेतली आणि सुखी आहे.


स्पॅनर

@मिरची, एएमटीमध्येही क्लच प्लेट असतेच, तशीच कोरडी. फक्त पायाऐवजी मशीन दाबतं. ट्रॅफिकमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवर इंच इंच पुढे सरकवत राहिलात किंवा चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवलीत तर तीही झिजते. आणि सेट बदलल्यावर कॉम्प्युटर लावून नवीन प्लेटचं सेटिंग शिकवावं लागतं, ते प्रत्येक गल्लीतल्या गॅरेजला जमत नाही. दहिसर चेकनाक्याला तुम्ही रोज अडकत असाल तर पुढची गाडी थांबली की पूर्ण थांबा, सरकवत राहू नका.


मिरची_बोरिवली

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये छोट्या गाड्यांचा टोल गेला तरी नाक्यावर सरकणं काही संपलेलं नाही. आजपासून तसंच करते.


डिझेल_दादर

खर्चाचं बोलताय म्हणून लिहितो. माझी मोठी डिझेल आहे. मला ७० हजारांच्या पुढचा आकडा सांगितलाय. कारण ड्युअल मास फ्लायव्हील. त्यात दोन चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा असतात, इंजिनचे हादरे गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून. साधं फ्लायव्हील लेथवर नेऊन फेस मारून (पृष्ठभाग सपाट करून) घेता येतं, हे येत नाही. सैल झालं की नवीनच. अबोली, तुमच्या गाडीला साधं फ्लायव्हील आहे, त्यामुळे तुमचा खर्च आटोक्यातला आहे.

माझाही प्रश्न आहे. माझा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा आहे, केबल नाही. त्यात वर-खाली पकडण्याचा अर्थ काय?


स्पॅनर

हायड्रॉलिकमध्ये झीज बऱ्याच अंशी आपोआप भरून निघते, त्यामुळे पेडलवरून झीज ओळखणं अवघड जातं. तिथे स्लिप टेस्टवरच विश्वास ठेवायचा. मात्र क्लच अचानक खाली पकडायला लागला, पेडल स्पंजासारखं लागलं किंवा दोनदा पंप केल्यावर ठीक झालं, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर (पेडलजवळचा) किंवा स्लेव्ह (क्लचजवळचा) सिलिंडर गळतोय. बऱ्याच गाड्यांत ऑइल ब्रेकच्याच डबीतून येतं, त्यामुळे पातळी कमी होत असेल तर तेही बघा. स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) आत असेल तर क्लच सेटबरोबरच बदला, कारण तो नंतर गेला तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.


खारघर_खमंग

पावसातला एक अनुभव सांगते. जुलैत गाडी बरेच दिवस उघड्यावर उभी होती, खाली पाणी साचलं होतं. काढायला गेले तर क्लच दाबूनही गिअर पडेना. ओलीमुळे प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती. मेकॅनिकने सोडवून दिली, प्लेट बदलावी लागली नाही. म्हणजे क्लच बिघडला की लगेच सेट, असं नसतं.


लेथवाला_साकीनाका

गिअरबॉक्स उतरलाच तर काय काय करून घ्यायचं ते लिहितो, कारण खरा खर्च तिथेच वाचतो.

नुसती प्लेट बदलू नका. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सेटच टाका. दीड-दोन हजार वाचवायला प्लेट एकटी बदलतात आणि पुढे बेअरिंग ओरडायला लागलं की तेवढंच लेबर पुन्हा द्यावं लागतं. क्रँकचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील बघून घ्या. सील काहीशे रुपयांचं असतं, पण त्यातून ऑइल प्लेटवर गेलं तर गाडी जागेवरून सुटताना थरथरते आणि नवीन प्लेट वाया जाते. फ्लायव्हीलवर खोल चरे असतील तरच लेथवर आणा. नुसते निळसर डाग असतील तर बहुधा पॉलिश पेपरने भागतं.

आणि कृपया मिस्त्रीला आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ फुफ्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. आमच्या धंद्यातल्या पोरांची याबाबतीत कोणी काळजी घेत नाही, हे मला मनापासून खटकतं.


कोथिंबीर_पार्ले

@लेथवाला, शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आभार.

पार्ट कुठून घ्यावेत? ऑपेरा हाउसला स्वस्त पडतात म्हणतात.


लेथवाला_साकीनाका

ऑपेरा हाउसला चांगले जुने डीलर आहेत. व्हॅलिओ, एक्सेडी, लुक असे नावाजलेले सेट छापील किमतीहून कमीत मिळतात. मात्र पक्कं बिल घ्या, खोक्यावरचा पार्ट नंबर जुन्या पार्टशी जुळवा आणि सील फोडलेलं खोकं घेऊ नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातले पार्ट मिळतात. दरवाजा, बंपर, आरसा तिथून जरूर घ्या, क्लच नको.

कोटेशनमध्ये टॅक्सही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. जुन्या दराचं कोटेशन हातात देत असतील तर विचारायला लाजू नका.


अबोली_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. सोसायटीच्या मिस्त्रीला नम्रपणे नाही म्हटलं आणि भांडुपच्या गॅरेजमध्ये उभी राहून सगळं समोर बघितलं.

फ्री प्ले शून्य होता. हात लावला की लगेच जोर. केबलचा नट सैल करून घेतला, क्लच लगेच खाली आला, जवळजवळ बहिणीच्या गाडीसारखा. पण नट आट्यांच्या अगदी टोकाशी आहे, एक-दोन आटे उरलेत. स्लिप टेस्ट रविवारी सकाळी ईस्टर्न एक्स्प्रेसवर केली. चौथ्यात आवाज आणि वेग बरोबर वाढले, स्लिप जाणवली नाही. गॅरेजवाला म्हणतो, शहरात अजून काही महिने चालेल.

अडचण अशी की गणपतीला गुहागरला जायचंय. गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, आणि वाटेत घाट. काय करू?


निवांत_डोंबिवली

स्लिप नाही ना? मग चालवा. कशेडीला आता बोगदा आहे, पूर्वीइतका चढ राहिला नाही.


गिअरबदल

निवांत, बोगद्याचं ठीक, परशुराम घाट आहेच. आणि खरी परीक्षा घाटापेक्षा माणगाव-इंदापूरच्या रांगांची. गणपतीत तिथे तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्यात सरकावं लागतं. भरलेल्या गाडीत, काठावर आलेल्या प्लेटवर. मी तरी नेणार नाही.


स्पॅनर

गिअरबदलशी सहमत. फक्त मुलुंड-सीप्झ असतं तर म्हटलं असतं, वापरा आणि महिन्याला स्लिप टेस्ट करा. पण आटे संपलेत, म्हणजे पुढच्या झिजेला सैल करायला जागाच नाही. तिथून पुढे बेअरिंग सतत दाबलेलं राहणार आणि स्लिप झपाट्याने येणार. हायवेवर रात्री क्लच गेला तर टोइंगचेच इतके पैसे जातील की सेट परवडला असता, आणि घरच्या गणपतीला उशीर होईल तो वेगळाच. गणपतीच्या आदल्या आठवड्यात गॅरेजं भरलेली असतात. आधीच करून घ्या.


खारघर_खमंग

+१. आणि जुना सेट परत मागून घ्या, बघायला तरी.


अबोली_मुलुंड

सेट बदलला. पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून तपशील लिहिते.

जुनी प्लेट हातात घेऊन बघितली. एका बाजूला रिव्हेटची डोकी लायनिंगच्या (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराच्या) जवळजवळ बरोबरीला आली होती, नख फिरवलं तर जेमतेम अडत होतं. दुसऱ्या बाजूला थोडं जास्त उरलं होतं. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या बोटांवर बेअरिंग घासून गोल चकचकीत पट्टा पडला होता. गॅरेजवाल्याने तो दाखवून सांगितलं की बेअरिंग बरेच महिने सुटतच नव्हतं, कायम टेकलेलं होतं. फ्लायव्हीलवर निळसर डाग होते पण चरे नव्हते, पॉलिश पेपरवर काम झालं. क्रँकच्या सीलजवळ ओल दिसली, म्हणून तेही बदललं. धूळ ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं. तिथल्या मुलाला अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल माहीतच नव्हतं, त्याला लेथवालांचा प्रतिसाद वाचून दाखवला.

सेट ४,३५०, लेबर २,२००, सील ३२०, गिअर ऑइल ९५०, नवीन केबल ४८०. एकूण ८,३००. सांगितलेल्या ७,५०० पेक्षा जास्त झाले, ते सील आणि केबलमुळे, आणि दोन्ही मला विचारूनच टाकले. क्लच आता मध्याच्या किंचित खाली पकडतो आणि पेडल इतकं हलकं झालंय की पहिल्या दिवशी सिग्नलला गाडी बंद पडली.


ठाणेकर_काका

वा! आठ हजारांत गणपतीची काळजी मिटली.


लेथवाला_साकीनाका

त्या मुलाला वाचून दाखवलंत, फार बरं वाटलं.


स्पॅनर

उत्तम झालं. बेअरिंगचा तो पट्टा म्हणजे फ्री प्ले नसल्याचा पुरावाच. नवीन सेटला पहिले पाचशे किलोमीटर जपा, चढावर हाफ क्लच आणि जोरात उचलणं टाळा, लायनिंग बसायला वेळ लागतो. नवीन केबलही सुरुवातीला थोडी बसते, म्हणून गुहागरला निघण्याआधी फ्री प्ले पुन्हा हाताने बघून घ्या. वाढला असेल तर यावेळी मात्र नट जरासा टाइट करायचा.


डिझेल_दादर

स्पॅनर, माझ्या डबीतली पातळी खरंच कमी निघाली. उद्या स्लेव्ह सिलिंडर बघून घेतो, सत्तर हजारांचं नंतर ठरवू. अबोली, भांडुपच्या गॅरेजचा पत्ता व्यनि कराल का?


अबोली_मुलुंड

केला. सकाळी दहाच्या आत जा, नंतर गर्दी होते.